हिच्या फोनची नवी बॉडी

६ फेब्रुवारी, सोमवार

निवृत्त होऊन महिना झाला. मुलीने दिलेली डायरी आज कपाटावरून काढून पुसली. "कारखान्यात रोज पाळीची नोंद लिहायचात ना बाबा, आता घरची लिहा," असं ती म्हणाली होती. घरात नोंद करावी असं काही घडत नाही. पण दुपारी झोप येत नाही आणि हिच्या कामात लुडबूड केली की बोलणी बसतात, तेव्हा लिहिलेलं बरं.

मी काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात तपासनीस होतो. पट्ट्यावरून बाटल्या यायच्या, मोठ्या दिव्यासमोरून जायच्या, आणि बुडबुडा, चीर, वाकडं तोंड दिसलं की मी ती बाटली बाजूला काढायचो. डोळा त्यालाच सरावलाय. घरातसुद्धा टवका उडालेला कप मला चालत नाही, तिथल्या तिथे टाकून देतो. ही म्हणते, "निवृत्त झालात ना, मग तो दिवा कारखान्यातच ठेवून यायचा."

आज तो डोळा हिच्या फोनवर गेला. साधा बटणांचा फोन, आणि दशा अशी की भंगारवालाही हात लावणार नाही. कोपरे झिजलेले, मागचं झाकण रबरबँडने बांधलेलं, बटणांवरचे आकडे पार पुसलेले. पाचाच्या बटणावर कसला तरी टणक थेंब वाळून बसलाय. आठाच्या कडेला कोणी सुरीने खरवडल्यासारखं दिसतं. आणि हिचं सगळं काम याच फोनवर चालतं. हिच्या भावाचं, म्हणजे माझ्या मेहुण्याचं, कड्या-कोयंडे आणि बिजागऱ्यांचं घाऊक दुकान आहे. रोज दुपारी ही घरूनच गावोगावच्या दुकानदारांना फोन लावते, कोणाला काय हवं ते विचारते आणि गोदामाला कळवते. इतक्या वर्षांत सगळे नंबर पाठ झालेत. फोनकडे न बघता लावते, याचा मला आतून जरा अभिमानही आहे.

"हा फोन बदलून टाकू," म्हटलं. "चालतोय ना? मग," म्हणाली आणि विषय मिटला. माझ्या बाजूने मिटलेला नाही.

७ फेब्रुवारी, मंगळवार

कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याला फोनचं वर्णन सांगितलं. त्याने दोन डबे उपसले आणि त्याच मॉडेलची नवी बॉडी काढून दिली. पुढचं पॅनेल, मागचं झाकण, मधली चौकट, बटणांचा रबरी पत्रा, सगळं एका पिशवीत. काळीभोर, चकचकीत, दोष एक नाही.

"काका, फोन घेऊन या, मी घालून देतो," तो म्हणाला. मी म्हटलं, आपला हात जगन्नाथ. तो हसला आणि चांदणीच्या आकाराच्या टोकाचा एक बारीक स्क्रूड्रायव्हर देऊन म्हणाला, "मग हा लागेल."

हिला सांगितलेलं नाही. रविवारी दुकान बंद, फोन मोकळा. तेव्हा करावं.

९ फेब्रुवारी, गुरुवार

संध्याकाळी बाजारात गेलो. रस्ता ओलांडताना हिने माझा दंड धरला आणि घरी येईपर्यंत सोडलाच नाही. लग्नानंतरच्या नव्या नवलाईत कधी धरला नव्हता. चारचौघांत मला अवघडल्यासारखं झालं, पण बरंही वाटलं. निवृत्तीचा असाही एक फायदा असतो हे कारखान्यात कोणी सांगितलं नव्हतं.

जिन्यात शेजारच्या वहिनी भेटल्या. हसल्या. ही सरळ पुढे गेली, ढुंकूनही पाहिलं नाही. दोघींचं काहीतरी बिनसलेलं दिसतंय. बायकांच्या भांडणात मी पडत नाही, पण ज्यांच्याकडून परवाच विरजण आणलं त्यांच्याशी असं वागणं शोभत नाही. वर आल्यावर तसं बोललो. ही म्हणाली, "वहिनी होत्या का? माझं लक्ष नव्हतं."

१० फेब्रुवारी, शुक्रवार

नोंदी करायच्याच तर प्रामाणिकपणे कराव्यात. हिच्यात हल्ली आळस शिरलाय.

पूर्वी दुकानदारांच्या मागण्या कागदावर लिहून घ्यायची आणि शेवटी गोदामाला एकच फोन करायची. आता एकाचा फोन झाला की लगेच गोदामाला, मग दुसऱ्याचा, की परत गोदामाला. "लिहीत का नाहीस?" विचारलं तर म्हणे, "पेन शोधत कोण बसणार." विणकाम बंद आहे. सकाळचा पेपर मी मोठ्याने वाचायचा आणि हिने भाजी निवडत ऐकायचं, असा नवीन नियम निघालाय. कारण काय, तर माझा आवाज बरा आहे. पस्तीस वर्षांनी लक्षात आलं.

आणखी एक. चहा ओतताना ही कपाच्या काठावरून आत बोट घालते. चहा बोटाला लागला की थांबते. आज मी टोकलं. "स्वच्छ आहे बोट," म्हणाली. तो मुद्दा नाही.

मात्र घरातली एकही वस्तू जागची हलवलेली हिला चालत नाही. परवा मी स्टूल जरा खिडकीकडे सरकवलं तर दिवसभर बोलली नाही. आळस आणि शिस्त एकाच माणसात कशी नांदतात हे मला कळत नाही.

१२ फेब्रुवारी, रविवार

मोहीम फत्ते. सविस्तर लिहितो.

जेवणं झाल्यावर ही आडवी झाली. मी जेवणाच्या टेबलावर पांढरा पंचा पसरला, म्हणजे स्क्रू सांडला तरी दिसेल. रबरबँड काढला, मागचं झाकण आपोआपच निसटलं. बॅटरी काढली, सिमकार्ड काढून वाटीत ठेवलं. मग स्क्रू. वरचे, खालचे आणि एक चिकटपट्टीखाली लपलेला, तो शोधायला वेळ गेला. पंच्यावर मी ते फोनमध्ये जसे होते तशाच मांडणीत ठेवले. नवशिक्या इथेच फसतो. लांब स्क्रू आखूड जागी घातला की पुढून पॅनेल फाटतं.

नखाने चौकट उचकटून पाहिली. नख तुटलं, चौकट हलली नाही. जुन्या रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटाचा कोपरा कापून फटीत घातला आणि कडेकडेने फिरवत नेला. कट, कट असा आवाज करत खुंट्या सुटल्या. आतला हिरवा पत्रा हातात आला. पडद्याला जोडणारी चपटी पट्टी कागदाइतकी पातळ असते, ती ताणली गेली की खेळ खलास. तिथे श्वास रोखून काम केलं. बटणांखालची धूळ काय वर्णावी. पिठाचे कण, केस, आणि एक अख्खी मोहरी.

सगळं नव्या बॉडीत बसवलं, स्क्रू आवळले, चालू केला. पडदा लागला, आवाज नाही. परत उघडला. ऐकायचा इवलासा स्पीकर जुन्या पॅनेललाच चिकटून राहिला होता. हात दाखवून अवलक्षण व्हायचं थोडक्यात वाचलं. तो चिमट्याने काढून नव्यात घातला. मुलीला लावून पाहिला, तिचा आवाज स्वच्छ आला. "बाबा, आईचा फोन तुमच्या हातात कसा?" म्हणाली. "गंमत आहे," म्हणालो आणि ठेवला.

जुनी बॉडी, कुजका रबरी पत्रा, रबरबँड, सगळं पिशवीत गुंडाळून खालच्या डब्यात टाकून आलो. जिना चढताना बऱ्याच दिवसांनी माणसात आल्यासारखं वाटलं.

ही उठल्यावर फोन हातात दिला. म्हटलं, ओळख पाहू. हिने तो तळहातावर घेतला आणि अंगठा बटणांवरून फिरवत राहिली. वरून खाली, डावीकडून उजवीकडे. बराच वेळ. मला वाटलं डोळ्यांत पाणी येतंय की काय. मग म्हणाली, "छान आहे. गुळगुळीत आहे अगदी."

"आहेच. एक ओरखडा शोधून दाखव."

"जुनी कुठंय?"

"टाकली."

"कुठे?"

खालच्या डब्यात म्हटल्यावर ही उठली, चप्पल न घालता कठडा धरून खाली गेली. मी वरून पाहत होतो. सफाईवाली डबा रिकामा करून गेली होती. ही रिकाम्या डब्यात हात घालून उभी होती. वर आल्यावर म्हणाली, "रबरबँड चांगला होता." एका रबरबँडसाठी दोन जिने. कौतुक म्हणून दोन शब्द अपेक्षित होते, ते राहिलेच.

१३ फेब्रुवारी, सोमवार

हिने आज चार ठिकाणी चुकीचे फोन लावले. एकदा दातांच्या दवाखान्यात, एकदा कोणा शिकवणीवाल्या मास्तरांकडे. बाकीचे दोन घरगुती. गोदामाला लावायला गेली आणि एका लहान मुलाने उचलला, तर त्यालाच "तीन इंची बिजागऱ्या दोन पेट्या" सांगून बसली. मला हसू आवरेना. ही हसली नाही.

"नवीन आहेत बटणं, कडक असतात. सवय होईल," मी म्हटलं.

"हो," म्हणाली.

१५ फेब्रुवारी, बुधवार

मेहुण्याचा माझ्या फोनवर फोन. आवाज गोड, म्हणजे काहीतरी कडू येणार. "भावजी, ताईचं बरंय ना? दोन दुकानदारांची मागणी कालपासून पोचलीच नाही. एक जण म्हणतो, ताईंचा फोनच आला नाही." मी म्हटलं, फोन नवा आहे, चूकभूल द्यावी घ्यावी. तो म्हणाला, "बघा हं. नाहीतर पहिल्या तारखेपासून सूनबाई बसेल म्हणते कॉम्प्युटरवर. ताईलाही आराम. किती वर्षं राबणार ती."

हिला सांगितलं. मला वाटलं, आरामाचं ऐकून बरं वाटेल. ही पोळी लाटत होती, लाटणं थांबलं. "मी मागितलाय का आराम?" एवढंच म्हणाली.

मलाही राग आला, लिहून टाकतो. मी तासभर मान मोडून काम केलं, फोन नव्यासारखा करून दिला, आणि घरात सुतक असल्यासारखं वातावरण. आवडला नसेल तर तसं सांगावं. रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावतो तशातला मी, हे मला माहीत आहे. पण तुंबडी लावून घेणाऱ्याने निदान बोलावं तरी.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी ही म्हणाली, "भाजी आणता का? मला चिऊशी जरा बोलायचंय." चिऊ म्हणजे मुलगी. आई-मुलीचं बोलणं माझ्यासमोर होऊ नये असं पूर्वी कधी नव्हतं. गेलो.

परत आलो तेव्हा ही खिडकीपाशी बसली होती, फोन मांडीवर उपडा. तोंड लालबुंद.

"काय म्हणते?"

"लागला नाही."

"मग परत लाव."

"नको. आज नको."

कोथिंबीर आणायला विसरलो होतो. त्यावरूनही काही बोलली नाही, हे जरा जास्तच झालं.

१८ फेब्रुवारी, शनिवार

ही आंघोळीला गेली असताना हिचा फोन वाजला. मी उचलला. पुरुषाचा आवाज, मागे शिलाई मशीनची घरघर.

"काल या नंबरवरून एका बाईंचा फोन आला होता. चुकून लागलेला. आहेत का त्या?"

"काय काम आहे?"

"काम नाही काही. मी शिंपी आहे, दुकानातून बोलतोय. त्यांचं मुलीशी बोलणं झालं का, तेवढंच विचारायचं होतं. मला बोलूच देईनात हो. फोन उचलला तशा सुरूच झाल्या. ऐक, मध्ये बोलू नकोस, म्हणाल्या. सगळं बोलून झाल्यावर मी सांगितलं, बाई, नंबर चुकला. तर बिचाऱ्यांनी माफी मागून ठेवून दिला. रात्रभर डोक्यातून जाईना. तुम्ही कोण?"

"मी त्यांचा नवरा."

पलीकडे मशीन थांबलं.

"मग राहू द्या," तो म्हणाला.

"काय राहू द्या? काय म्हणाली ती?"

"साहेब, त्या म्हणाल्या होत्या, बाबांना सांगू नकोस. आता बाबा म्हणजे तुम्हीच असणार. मला सांगितलं नव्हतंच ते, पण कानावर पडलं ते पडलं. मी कसं सांगू? तुम्हीच विचारा त्यांना." आणि ठेवता ठेवता म्हणाला, "लवकर विचारा."

आधी राग आला तो शिंप्याचा. मग हिचा. माझ्या घरातली गोष्ट कुठल्या तरी दुकानातल्या अनोळखी माणसाला माहीत आहे, रात्रभर त्याला झोप नाही, आणि मी इथे पेपर वाचून दाखवतोय. दुखणं असेल का? गाठ वगैरे? जेवताना हिच्याकडे पाहत राहिलो. विचारायला तोंड उघडलं आणि "मीठ दे" म्हणालो. मीठ ताटाशेजारीच होतं. हिने हात टेबलावरून सरकवत सरकवत नेला, बरणी लागली, तिने दिली. रोज अशीच देते का? मला आठवेना.

१९ फेब्रुवारी, रविवार

आज मी दिवसभर हिला पाहिलं. बाटली पाहायचो तसं, दुसरं काही डोक्यात न आणता.

दाराच्या चौकटीला आधी हात लागतो, मग पाऊल पडतं. गॅस पेटवताना कान बर्नरकडे असतो. चहा ओतताना बोट कपात. ताट वाढताना वाट्या मोजून त्याच जागी. माझ्याकडे बघून बोलते तेव्हा मान जराशी वळवते, डावा डोळा पुढे करून. हे सगळं माझ्यासमोर चाललेलं होतं आणि मी त्यातलं निम्मं आळस म्हणून लिहून ठेवलंय, वर सहीनिशी.

दुपारी मधल्या बोळात उभा होतो. तिथे दिवा नव्हता. ही वाळलेले कपडे घेऊन समोरून आली. मी बाजूला होईन होईन म्हणत उभाच राहिलो, आणि हिचा हात माझ्या छातीला लागला.

"कोण?" ही म्हणाली.

घरात आम्ही दोघंच असतो.

"मी," म्हटलं.

"तुम्हीच की. दुसरं कोण असणार," म्हणून हसली आणि गेली.

मी टेबलावरचा हिचा फोन घेतला, डोळे मिटले आणि बटणांवर अंगठा फिरवला. साबणाच्या वडीवरून फिरवावा तसा. पाच कुठे, आठ कुठे, काही म्हणजे काही कळेना. मी स्वतःच्याच मोबाइलचा नंबर लावून पाहिला. तीनदा चुकला. चौथ्यांदा लावला नाही.

मग हिच्याजवळ जाऊन बसलो. ही कपड्यांच्या घड्या घालत होती.

"किती दिवस झाले?"

"कशाला?"

"दिसत नाही त्याला."

घडी पूर्ण केली. ठेवली. "चिऊ बोलली?"

"चिऊला तू सांगितलंच नाहीस. शिंप्याला सांगितलंस."

"त्याने फोन केला?" हिला हसू फुटलं आणि हसता हसताच ती रडायला लागली. "भला माणूस दिसतो. उजव्या डोळ्याचं वर्ष होत आलं. डाव्याचं दिवाळीपासून. समोरचं दिसतं, धुक्यातलं. बाजूचं नाही. फोनवरचे आकडे तर कधीच गेले. म्हणून पाचावर मी नेलपॉलिशचा जाड थेंब टाकला होता. आठाची कड सुरीने खरवडली. तुम्ही कामावर जायचात तेव्हा."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला? टवका उडाला तर चहा संपायच्या आत कप टाकून देता तुम्ही."

"तू कप आहेस का?"

"नाही ना. तुम्हाला आठवण करून द्यायची वेळ यायला नको होती."

मी ढिगातला एक टॉवेल उचलून घडी घालायला लागलो. मग ती म्हणाली, "आईला काचबिंदू झाला तेव्हा आम्ही सगळ्या भावंडांनी मिळून तिला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं. पाणी हातात, ताट हातात. तू उठू नकोस, आम्ही आहोत ना. काही महिन्यांत ती उठेनाशीच झाली. तिला चालता येत होतं हो. नुसतं दिसत नव्हतं."

मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. फोनचं वाटलं, त्या थेंबाचं वाटलं, आणि ही घरात मला चुकवून वर्षभर चाचपडत होती त्याचं सगळ्यात जास्त. दिव्याखाली अंधार म्हणतात, तर तो दिवा मीच. "उद्या डॉक्टर," म्हटलं. ही "बरं" म्हणाली. इतक्या लवकर बरं म्हणेल असं वाटलं नव्हतं.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

काल गर्दी होती, आजची वेळ मिळाली.

डोळ्यांच्या डॉक्टर तरुण आहेत, बोलायला नीट. एका पांढऱ्या घुमटात हिला हनुवटी टेकवून बसवलं आणि हातात एक बटण दिलं. घुमटात कुठेही बारीक दिवा लागला की बटण दाबायचं. मी बाहेर पडद्यामागे बाकावर बसलो होतो. मशीनचा हलका आवाज येत होता, म्हणजे दिवे लागत होते. बटणाचा आवाज येत नव्हता. मध्येच एकदा यायचा, आणि परत कितीतरी वेळ नाही. आयुष्यभर दिव्यासमोर बसलेला माणूस मी, पण दिवा लागलाय आणि समोरच्याला कळत नाहीये, हे असं ऐकत बसायची वेळ कधी आली नव्हती. उठून बाहेर जावंसं वाटलं. गेलो नाही.

काचबिंदूच आहे. गेलेली नजर परत येत नाही. उजवा डोळा जवळजवळ गेलाच आहे. डाव्यातली मधली खिडकी शाबूत आहे, थेंब नियमाने घातले तर ती टिकवता येईल. "आणखी आधी आला असतात तर," डॉक्टर म्हणाल्या आणि वाक्य सोडून दिलं. हिने माझ्याकडे मान वळवली. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

येताना हिने दंड धरला. मी दंड जरा बाहेर काढून चाललो, धरायला बरं पडावं म्हणून.

२३ फेब्रुवारी, गुरुवार

मी सुचवलं, दुपारचे फोन मी करत जाईन, तू नुसती शेजारी बसून सांग. ही म्हणाली, "झालं. आणली का खुर्ची खिडकीपाशी?"

मग नेलपॉलिश आणलं. रंग विचारला तर "तुम्हीच बघणार, तुम्हीच ठरवा" असं उत्तर मिळालं. मी पाचाच्या बटणाच्या मधोमध मोजूनमापून थेंब टाकला. हिने वाळल्यावर हात लावला आणि नापास केला. "मधे नको, वरच्या कडेला. मधे असला की अंगठा त्याच्यावरून घसरतो." पुसला, परत टाकला. मग सुरी घेऊन आठाची कड खरवडली. नव्याकोऱ्या वस्तूवर मी स्वतःच्या हाताने ओरखडा काढला, आणि तो कमी पडला म्हणून आणखी खोल काढला. शेवटी तपासणी हिने केली. पास.

मेहुण्याशी ही स्वतःच बोलली, माझ्या फोनवरून. काहीही न लपवता सांगितलं. तो पलीकडे रडला वाटतं, कारण ही त्यालाच समजावत होती. मग म्हणाली, "सूनबाईला बसव ना कॉम्प्युटरवर. मी बोलेन, ती लिहील. गिऱ्हाईक कोणाचा आवाज ओळखतं, तिचा की माझा?" मेहुणा धंद्यात पक्का आहे, त्याला पटलं.

२६ फेब्रुवारी, रविवार

चार दिवस हिने सराव केला. वेळ सांगणाऱ्या सेवेचा नंबर, गॅसवाल्याचा नंबर, माझा नंबर. मी दुसऱ्या खोलीत बसून उचलत होतो आणि "राँग नंबर" म्हणत होतो, तिसऱ्यांदा असं केल्यावर उंटावरचा शहाणा ही पदवी मिळाली.

आज चिऊला सांगायचं ठरलं. नंबर लावून देऊ का, विचारलं. नको म्हणाली. ही दिवाणावर बसली, मी तिच्या उजव्या हाताला खुर्ची ओढून बसलो. पहिला फोन चुकला. आता ही समोरचा बोलेपर्यंत काही बोलत नाही, शिंप्याकडून एवढं शिकली. "माफ करा हं," म्हणाली आणि परत लावला. अंगठा पाचाच्या वरच्या कडेवर थांबला, तिथून निघाला, आकडे एकामागून एक दाबत गेला.

"चिऊ? तूच ना गं? काहीतरी बोल आधी. हां. आता ऐक."

मग सांगितलं. एकही शब्द इकडचा तिकडे नाही, पाठ केलं असावं. मी फरशीकडे बघत ऐकत होतो. आत चहाचं आधण ठेवलं होतं ते उतू जायला लागलं, त्याचा आवाज आला. हिच्या बोलण्यात खंड पडू नये म्हणून मी सावकाश उठलो, चपला तिथेच काढल्या आणि आत गेलो.

गॅस बंद करतोय तोवर बाहेरून हिचा आवाज येत होता. "रडू नकोस. अगं, सगळं जात नाहीये. थेंब आहेत. नाही, तू धावत येऊ नकोस, रजा मिळेल तेव्हा ये. बाबांना? माहीत आहे बाबांना. घाबरले होते, आता ठीक आहेत." मग ही थोडा वेळ ऐकत राहिली. "एकटी कशी असेन? इथेच आहेत की. हे काय, माझ्या शेजारी बसलेत. घे, बोल त्यांच्याशी."

मी दारात आलो. हिने फोन उजवीकडे रिकाम्या खुर्चीपुढे धरला होता, चेहऱ्यावर हसू ठेवून, मी घेईन याची वाट बघत.

मी अनवाणी गेलो, आवाज न करता खुर्चीत बसलो आणि फोन हातात घेतला.